संस्थेच्या निधीसाठी कूपन सोडत: ५,००० कूपनं, पहिलं बक्षीस स्कूटर. जमेल का?

साखरपेठ_अभ्यासिका

नमस्कार मंडळी. सोलापुरात आमच्या नोंदणीकृत ट्रस्टची मुलींसाठी अभ्यासिका आहे. वरच्या मजल्यावर पत्रे आहेत. मार्च उजाडला की दुपारी तिथं बसवत नाही आणि नेमकी तेव्हाच परीक्षा असते. पत्र्याखाली छत, १२ पंखे, ४० खुर्च्या आणि वायरिंग मिळून अंदाज २ लाखांचा आहे.

कार्यकारिणीत ठरलं ते असं: ५० रुपयांची ५,००० कूपनं छापायची, म्हणजे अडीच लाख. पहिलं बक्षीस स्कूटर, दुसरं फ्रिज, तिसरं टीव्ही, पुढं २० सोलापुरी चादरी. ५० स्वयंसेविका नोव्हेंबरपासून नवी पेठ, अशोक चौक, होटगी रोड अशा दुकानोदुकानी कूपनं खपवतील. सोडत जानेवारीत, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत.

परवानगी कुणाची लागते? कूपनं छापताना काय बघायचं? सोडत काढताना कुणी बोट दाखवू नये म्हणून काय करायचं? आणि कूपन घेणाऱ्याला ८०जी ची (आयकर सवलतीची) पावती देता येते का? बैठक पुढच्या रविवारी आहे.

---

कलमकसाई

ताई, छापखान्याला आगाऊ रक्कम दिली नसेल तर बरं. तुम्ही ठरवलंय त्या स्वरूपात हे करू नका.

पैसे देऊन भाग घ्यायचा, निकाल नशिबावर आणि बक्षीस, या तीन गोष्टी एकत्र आल्या की ती लॉटरी. नाव लकी ड्रॉ ठेवा, भाग्यवान कूपन ठेवा, नाहीतर ‘देणगी मूल्य ५० रुपये’ छापा, फरक पडत नाही. हेतू चांगला असल्यानंही पडत नाही. शासनाची किंवा शासनानं परवानगी दिलेली नसलेली लॉटरी काढण्यासाठी जागा चालवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. त्याच कलमात अशा सोडतीच्या बक्षिसांची जाहिरात करण्यालाही ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर स्कूटरचा फोटो टाकून ‘आजच कूपन घ्या’ लिहिणं ही जाहिरातच झाली.

महाराष्ट्रात यासाठी वेगळा कायदा आहे: मुंबई लॉटरी (नियंत्रण व कर) आणि बक्षीस स्पर्धा (कर) अधिनियम, १९५८. त्याचा पाया असा की लॉटरी मुळात बेकायदा, पण काही वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. तुमच्या कामाची वाट म्हणजे एखाद्या मेळ्याचा, विक्री-प्रदर्शनाचा, खेळाच्या किंवा करमणुकीच्या कार्यक्रमाचा एक भाग म्हणून काढलेली छोटी सोडत. तिच्या अटी अशा:

– खर्च वजा जाता सगळा पैसा संस्थेच्या कामालाच जायला हवा, कुणाच्या खिशात नाही.
– बक्षीस रोख रकमेचं नको.
– कूपनांची विक्री आणि निकाल, दोन्ही त्याच आवारात आणि कार्यक्रम चालू असतानाच.
– लोक यायचं मुख्य कारण सोडत नसावी, कार्यक्रम असावा.

तुमचा बेत तिसऱ्या अटीवर आपटतो. नोव्हेंबरपासून दुकानोदुकानी विक्री म्हणजे सार्वजनिक लॉटरी. तिला परवाना हवा आणि तो कुणी तोंडी ‘घ्या हो करून’ म्हटल्यानं मिळत नाही. रविवारच्या बैठकीला अधिनियमाची छापील प्रत घेऊन बसा. बेत पक्का झाला की जिल्हाधिकारी कार्यालयात कार्यक्रमाची तारीख, जागा, कूपनांची संख्या, किंमत आणि बक्षिसांची यादी लिहून अर्ज द्या. पोच घ्या, उत्तरही लेखीच मागा. कार्यक्रमाची आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलिसांकडून वेगळी काढायची. रात्री १० ला आवाज बंद, हे धरूनच सोडतीची वेळ ठेवा.

ऑनलाइन कूपनविक्रीच्या वाटेला तर जाऊच नका. ‘आवारातच विक्री’ ही अट तिथंच मोडते. त्यात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. तुमची ऑनलाइन कूपनं त्यात बसतात की नाही हा वाद अभ्यासिकेनं कशाला ओढवून घ्यायचा?

---

बाळीवेस_बॉईज

एवढं काय घाबरवताय बे? गल्लोगल्ली मंडळं कूपनं फाडतात. कुणाला काय झालंय?

---

कलमकसाई

मंडळं धर्मादाय कार्यालयातून सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क ची परवानगी काढतात ती वर्गणीसाठी. ती दाखवून सोडत कायदेशीर होत नाही. आणि मंडळ दरवर्षी नवं पावती पुस्तक काढतं, ट्रस्टला मात्र दरवर्षी लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय कार्यालयात भरायचा असतो. ताळेबंदात ‘कूपन विक्री अडीच लाख’ अशी ओळ आली की विचारणा विश्वस्तांकडे होणार, कूपनं फाडणाऱ्या पोरांकडे नाही.

---

आकडेमोड_काका

कायदा बाजूला ठेवला तरी हे गणित बसत नाही. स्कूटर ९० हजार, फ्रिज २० हजार, टीव्ही १५ हजार धरा. सव्वा लाख इथंच गेले. चादरी ५ हजारांत बसवल्या तर १ लाख ३० हजार. आता सगळी ५,००० कूपनं कधीच खपत नाहीत. स्वयंसेविकेकडची पहिली काही घरात आणि शेजारी जातात, पुढची काही ओळखीत, उरलेली पर्समध्ये राहतात. ३,००० खपली तर दीड लाख जमले. हातात २० हजार आणि त्यातून छपाई द्यायची. म्हणजे ५० बायकांनी अडीच महिने पायपीट करायची ती स्कूटर विकणाऱ्यासाठी.

कूपनाच्या सोडतीत पैसा उरतो तो बक्षीस फुकट मिळालं तरच. विकत घेतलेलं बक्षीस ही उधारी असते, कूपन खपो न खपो ती फेडावीच लागते. म्हणून कूपन हा जेवणातला ठेचा समजा. भाकरी दुसरी पाहिजे.

ती भाकरी सोलापुरात जानेवारीत आयती मिळते. हुरडा मेळा घ्या. गूळभेंडी ज्वारीची कणसं, शेंगा चटणी, दही, गूळ, रेवड्या, वर कडक भाकरीचा एक कोपरा. शाळेचं पटांगण, रविवार, दुपारी ४ ते ९. संक्रांतीच्या आसपास नंदीध्वजांच्या मिरवणुका आणि गड्डा असतो, त्या दिवसांत तुमच्याकडं कोण फिरकणार? जानेवारीचा शेवटचा रविवार धरा. हुरडा तेव्हाही कोवळा मिळतो, फक्त शेतकऱ्याशी आधी बोला. कणसं त्याच दिवशी सकाळी उतरवलेली हवीत. आदल्या दिवशीची भाजली तर दाणा चिवट लागतो आणि लोक तोंडावर सांगतात.

कच्चा हिशेब: ६०० माणसं, ताट १५० रुपये, ताटामागं ७५ सुटले तर ४५,०००. महिला बचत गटांना १५ टेबलं, प्रत्येकी १,५०० प्रमाणे २२,५००. कूपनं १,५०० छापा, ९०० खपतील असं धरा, ५० प्रमाणे ४५,०००. एकूण १,१२,५००. उरले ८७,५००, ते सरळ देणगीतून: ३५ माणसं, प्रत्येकी २,५००. ‘एक पंखा तुमच्या नावाचा’ असं वस्तू दाखवून मागितलं की लोक लवकर देतात. ‘छत निधीला मदत करा’ म्हटलं की विचार करून सांगतो म्हणतात.

---

छापखान्यातला

छपाईचं मी सांगतो, इथंच निम्मी भांडणं जन्माला येतात.

२५ कूपनांचं एक बुक. १,५०० कूपनांची ६० बुकं. ५० चं बुक जाड होतं, शेवटची कूपनं पिनेपाशी फाटतात. प्रत्येक पानाला दोन भाग: ग्राहकाकडं जाणारं कूपन आणि सोडतीच्या ड्रममध्ये पडणारी अर्धी चिठ्ठी. दोन्हींवर एकच नंबर. बुकात राहणारी तिसरी स्थळप्रत करायची की नाही ते बजेटवर आहे, पण माझं मत कराच. चिठ्ठी ड्रममध्ये गेली की ‘हा नंबर कुणी विकला’ याचा पुरावा स्थळप्रतीशिवाय उरत नाही.

नंबर १ पासून सुरू करू नका, १००१ पासून करा. सगळे नंबर चार आकडी झाले की ‘००४७ म्हणजे ४७ ना?’ हा प्रकार येत नाही. अंक इंग्रजी असतील तर ६ आणि ९ च्या खाली रेघ मारायला सांगा, उलटी धरलेली चिठ्ठी १०६१ ची १९०१ वाटते. देवनागरीत १ आणि ९ घाईत सारखे दिसतात, त्यामुळं टाइप जाड आणि मोठा घ्या.

चिठ्ठीवर नाव आणि मोबाइल लिहायला जागा सोडा. साडेतीन इंच बाय दीड इंचाच्या खाली गेलात तर दहा आकडे मावत नाहीत. कागद साधा ७० जीएसएम. आर्ट पेपर किंवा कार्ड नको, त्यावर बॉलपेन पसरतं आणि घडी बसत नाही. सगळी बुकं एकाच रंगाच्या एकाच रिमची. मध्येच कागद संपला म्हणून छापखान्यानं वेगळा कागद लावला तर ड्रममध्ये हाताला तो वेगळा लागतो. ‘त्यांनी ओळखून काढली’ म्हणायला लोकांना तेवढं पुरतं.

कूपनावर संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, कार्यक्रमाची तारीख, जागा, सोडतीची वेळ, किंमत, बक्षिसांची यादी, बक्षीस नेण्याची मुदत आणि ‘विश्वस्त व त्यांचे कुटुंबीय पात्र नाहीत’ ही ओळ छापून घ्या. शेवटची ओळ विसरू नका हं.

बुकं ताब्यात घेताना प्रत्येक बुक चाळा. नंबरिंग मशीनचा आकडा अडकला की एकच नंबर दोनदा पडतो किंवा एखादा गाळला जातो. २५ पानं चाळायला मिनिट लागतं, ६० बुकांना तासभर. खराब पानांवर आडवी रेघ मारून ‘रद्द’ लिहा, फाडून फेकू नका. आणि जादा छापलेले ताव नष्ट केल्याचं छापखान्याकडून बिलावरच लिहून घ्या.

---

सोडतीचा_ड्रम

आता मूळ मुद्दा. सोडतीत गडबड होते ती बहुतेक वेळा लबाडीनं नाही, नीट ढवळलं नाही म्हणून. अमेरिकेत १ डिसेंबर १९६९ ला लष्करभरतीची सोडत काढली. वर्षातल्या तारखांच्या कॅप्सूल महिन्यामहिन्यानं खोक्यात टाकल्या आणि ढवळणं कमी पडलं. शेवटच्या महिन्यांतल्या तारखा अवाजवी प्रमाणात आधी निघाल्या. तिथं फुगे फोडून स्कूटर द्यायची नव्हती, पोरं युद्धावर जायची होती. तुमच्याकडंही तेच होईल: शेवटच्या तासात विकलेल्या चिठ्ठ्या वर राहतात आणि त्याच निघतात.

ड्रम पारदर्शक घ्या, पाण्याचा २० लिटरचा जार आडवा कापून दांड्यावर बसवला तरी चालतो. निम्म्याहून जास्त भरू नका, भरलेल्या ड्रममध्ये चिठ्ठ्या फिरतात पण एकमेकींत मिसळत नाहीत. ९०० चिठ्ठ्या एकेक घडी घातलेल्या असतील तर एका जारमध्ये दाटी होते, मोठा ड्रम बघा. घडी सगळ्यांना सारखी, एकदाच, मधोमध. काही लोक चार घड्या घालून गोळी करतात, ती तळाला जाते. स्टेपल केलेल्या चिठ्ठ्या गठ्ठ्यानं येतात, पिना काढा. टाकायच्या आधी चिठ्ठ्या चादरीवर पसरून हातानं उलथापालथ करा, मग ड्रम ३० वेळा फिरवा, दिशा बदलून. प्रत्येक बक्षिसाआधी पुन्हा १०.

सोडतीच्या ४५ मिनिटं आधी विक्री बंद. ही वेळ माइकवर तीनदा सांगा आणि फलकावरही लिहा. या ४५ मिनिटांत जुळणी होते:

छापलेली = विकलेली + परत आलेली + रद्द.
ड्रममधल्या चिठ्ठ्या = विकलेली. एक जास्त नाही, एक कमी नाही.
विकलेली × ५० = रोख + यूपीआय.

चिठ्ठ्या ५०-५० च्या गठ्ठ्यात मोजून फलकावर आकडा लिहा: ‘विकलेली कूपनं ९१२, ड्रममध्ये ९१२’. न विकलेल्या कूपनांच्या चिठ्ठ्या चुकूनही आत जाता कामा नयेत. पहिलं बक्षीस न विकलेल्या नंबरला लागलं तर पुढं काहीही सांगा, लोक ऐकणार नाहीत. बुकं देताना रजिस्टर ठेवाच: बुक क्रमांक, नंबर कुठून कुठपर्यंत, कुणाला, किती वाजता, परत किती, पैसे किती, सही.

चिठ्ठी काढणारा बाहेरचा. संस्थेच्या पदाधिकाऱ्याच्या मुलाला स्टेजवर बोलावू नका. कोपरापर्यंत बाह्या वर, बांगड्या-घड्याळ काढलेलं, नजर दुसरीकडे. काढलेली चिठ्ठी आधी दुसऱ्या माणसाच्या हातात, त्यानं वाचायची, तिसऱ्यानं फलकावर लिहायची. नंबर एकेक अंक करून वाचा: एक-शून्य-पाच-नऊ. ‘एक हजार एकोणसाठ’ म्हटलं की अर्धं पटांगण एकोणसत्तर ऐकतं. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरं समोर असणार, त्या दोन भाषांतही अंक वाचणारं कुणी माइकपाशी ठेवा.

लहान बक्षिसं आधी, मोठं शेवटी. उलटं केलं तर चादरी घ्यायला कुणी थांबत नाही.

पहिल्या तीन बक्षिसांसाठी एकेक राखीव नंबर तिथंच काढून लिहून ठेवा. विजेता हजर नसेल तर चिठ्ठीवरच्या मोबाइलवर फोन, ३० दिवस मुदत, नंतर राखीव नंबर. हा नियम कूपनावर छापलेला असेल तरच लागू, सोडतीच्या दिवशी सुचला तर लागू नाही. शेवटी साधा पंचनामा करा: वेळ, आकडे, नंबर, दोन विश्वस्त आणि प्रेक्षकांतले तिघे यांच्या सह्या.

---

साखरपेठ_अभ्यासिका

सगळ्यांचे आभार. स्कूटर गेली, हुरडा आला! बैठकीत मांडायला आता कागद तयार आहे. तीन शंका उरल्या. एका कारखानदार अण्णांनी ३० चादरी आणि १० टॉवेल सेट द्यायचं कबूल केलंय, ते कसं घ्यायचं? मिक्सर, कुकर, सायकल अशी वस्तूरूप बक्षिसं चालतील ना? आणि क्यूआर कोड आमच्या खजिनदार अक्कांच्या नंबरचा ठेवला तर?

---

ताळेबंद

शेवटचं आधी: अक्कांचा नंबर नको. त्यांच्या खात्यात एका संध्याकाळी ४०-५० हजार आले की ते कुणाचे हे त्यांना समजावत बसावं लागतं. ट्रस्टच्या बँक खात्याचाच क्यूआर घ्या, बँकेकडून साउंडबॉक्स मागा. स्क्रीनशॉट बघून कूपन देऊ नका, जुनाच स्क्रीनशॉट फिरतो. साउंडबॉक्स बोलला की कूपन. गर्दीत नेटवर्क बसतं, म्हणून रोखीचं टेबल वेगळं ठेवा आणि १०-२० च्या सुट्ट्या नोटा एकूण २,००० रुपयांच्या घेऊन या. यूपीआयनं घेतलेल्या कूपनाच्या स्थळप्रतीवर व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहा, जुळणी निम्म्या वेळात होते.

चादरी: अण्णांकडून संस्थेच्या नावे पत्र घ्या, त्यात नग, वर्णन आणि ‘कार्यक्रमातील बक्षिसांसाठी विनामूल्य’ हे शब्द. साठा नोंदवहीत जमा दाखवा, वाटल्यावर विजेत्याच्या सहीनं खर्ची. वस्तूच्या देणगीवर ८०जी ची सवलत मिळत नाही, पैशाच्या देणगीवरच मिळते. हे अण्णांना आधीच सांगा, मार्चमध्ये नको. माईकवर आणि फलकावर सौजन्य म्हणून नाव घ्या, त्यांना तेच हवं असतं.

कूपनावर ८०जी पावती नाही. घेणाऱ्याला पैशाच्या बदल्यात बक्षिसाची संधी मिळते, म्हणून ती देणगी नव्हेच. पंखेवाल्या २,५०० च्या देणग्यांना द्या, पण त्या चेकनं किंवा यूपीआयनं घ्या. २,००० च्या वरची रोख देणगी ८०जी ला चालत नाही.

बक्षिसं: मिक्सर, कुकर, सायकल उत्तम. प्रत्येकाची किंमत १०,००० च्या आत ठेवा. त्यावर गेलं की सोडतीच्या बक्षिसाला ३० टक्के टीडीएस लागतो आणि बक्षीस वस्तूचं असेल तर तो कर भरल्याची खात्री करूनच वस्तू हातात द्यायची असते. तुमच्या ९० हजारांच्या स्कूटरला २७ हजार भरा असं विजेत्याला स्टेजवर सांगावं लागलं असतं. सोन्याचं नाणं आणि गिफ्ट व्हाउचर टाळा, ती रोखीच्या इतकी जवळ आहेत की वाद नको. जीएसटीची नोंदणी असेल तर छपाईच्या आधी सीएंना भेटा, लॉटरीवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे.

हिशेबात ताट, टेबलं, कूपनं आणि देणग्या अशी चार वेगळी खाती ठेवा. आणि कार्यकारिणीचा ठराव कूपनं छापायच्या आधीच्या तारखेचा असू द्या.

---

साखरपेठ_अभ्यासिका

नोंद केली. ठरावाचा मसुदा शनिवारी इथं टाकते. आणखी एक, लिहायचं राहिलं: हुरड्याच्या ताटाच्या तिकिटावरच एक कूपन फुकट द्यायचं म्हणतायत काहीजणी. ताट १५० चं, कूपन त्यातच. चालेल?

---

कलमकसाई

नको. तिकिटं तुम्ही आठवडाभर आधी शहरात विकणार, म्हणजे कूपनही आवाराबाहेर विकलं गेलं. ताटाचं तिकीट वेगळं, कूपन वेगळं, आणि कूपनाचं टेबल फाटकाच्या आत.